मूड कसा आहे आज?

ऑफिसात पाऊल टाकलं की शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला मी हेच विचारायचे. मूड कोणाचा, ते सांगावं लागत नसे. जवळपास तीन वर्षं!

साहेब रोज ओरडत असते तर परवडलं असतं, त्याचीही सवय होते. पण ज्या रिपोर्टसाठी सोमवारी शाबासकी, तशाच रिपोर्टवरून गुरुवारी सगळ्यांसमोर "एवढंही कळत नाही?" मग लक्ष कामात कसलं, केबिनच्या दाराकडेच. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा, फोन वाजला की छातीत धस्स. आणि मी डॉक्टरकडे जात होते ती पित्तासाठी, बरं का.

बेनेट टेपर या अभ्यासकाने २००० साली वरिष्ठांच्या अशा जाचाची व्याख्या केली, तिच्यात अंगाला हात लावणं धरलेलंच नाही. टोमणे, अपमान, मुद्दाम धरलेला अबोला, आणि हे सतत. म्हणूनच तक्रार करायला गेलं की हातात दाखवायला काही नसतं. "बोलले, त्यात काय एवढं?"

त्यांच्यावरही वरून दबाव असतो, हे मला अनेकांनी सांगितलं. असेल. पण त्यांच्या वरच्यांसमोर त्यांचा आवाज कधी चढलेला मी पाहिला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे मी बदलले. एका फायलीत आकडा चुकलेला मला दिसला होता. गप्प बसले. दोन आठवड्यांनी ते दुसऱ्याच मुलावर शेकलं. त्याची लाज अजून वाटते. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीम्समध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या. कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. आमच्याकडे कागदोपत्री सगळं चोख!

ऑफिसने काय केलं? तणावमुक्तीची कार्यशाळा. साहेब उद्घाटन करून मीटिंगला निघून गेले, आम्ही डोळे मिटून दीर्घ श्वास घेत बसलो. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत मॅनेजरना प्रशिक्षण द्या असं स्पष्ट म्हटलंय. पण श्वास आम्हीच घ्यायचा.

शेवटी नोकरी सोडली. नव्या ऑफिसात दुसऱ्याच दिवशी सवयीने शेजारच्याला विचारलं, "मूड कसा आहे आज?"

तो म्हणाला, "कोणाचा?"