‘मेसची भांडी’ म्हणणाऱ्या काकूंना

काकू, तुमची प्रतिक्रिया मी आमच्या ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, फोनवर वाचून दाखवली. ‘बरोबरच बोलून राहिल्या त्या,’ एवढं म्हणून तिने विषय बदलला. त्यामुळे हे उत्तर तुमच्यासोबत थोडं तिलाही आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिसेंबरात भाचीचं लग्न. दोघंही नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात नोकरीला, मनीषनगरात दोन खोल्यांचं भाड्याचं घर. नातेवाईक ‘काय देऊ, काय देऊ’ विचारायला लागले तेव्हा तिने माझ्या मदतीने जेवणाच्या भांड्यांची यादी केली: स्टीलची बारा ताटं, चोवीस वाट्या, बारा फुलपात्रं, ओपल काचेच्या सहा प्लेटा, सहा खोलगट बाउल आणि वाढायला झाकणांसकट चार पातेली. ती मी इथे टाकली. त्यावर काकूंनी लिहिलं, की यादी देऊन आहेर घेणं हे अमेरिकेचं फॅड, आपल्याकडे त्याला मागतेपणा म्हणतात. ही भांडी लग्नाची नव्हेत, मेसची वाटतात. पितळ-काशाला मी ‘शोभेचं’ म्हणून उडवून लावलं. आणि स्टीलला लोहचुंबक लावून बघायचं ही साधी गोष्ट सांगायला विसरले.

अमेरिकेचं, हे खरं. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने १९२४ मध्ये ही पद्धत सुरू केली. नवरा-नवरीने हव्या त्या वस्तू दुकानात नोंदवून ठेवायच्या, पाहुण्यांनी त्यातून घ्यायच्या. पण काकू, आपल्याकडे यादी नव्हती असं कसं म्हणता? मांडवात एक काका वही घेऊन बसायचे ते कशासाठी? ‘अमुक यांजकडून स्टीलचा डबा, तमुक यांजकडून ५१ रुपये.’ पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढायची आणि तेवढंच, किंवा थोडं वरचढ, परत करायचं. आमच्या घरी अशा दोन वह्या अजून आहेत. एकीत एकाखाली एक सात लेमन सेट लिहिलेत. आठवा ‘सरबत सेट’ म्हणून आहे, लिहिणाराच कंटाळला असावा. कायद्यालाही यादी लागतेच. हुंडाबंदी कायदा १९६१ चा, त्याखाली १९८५ मध्ये नियम आले: लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करायची, त्यात वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, खाली वधू-वरांच्या सह्या. किती घरांत करतात ते सोडा. भाचीने यादी लग्नाच्या आधी केली, म्हणजे आठव्या सेटची वेळ येऊ नये.

तरी तुमचं एक वाक्य मला लागलं. ‘आमच्या वेळी यादी मुलाकडून यायची आणि बापाची झोप उडायची.’ हे मी लेखात लिहायलाच हवं होतं. बैठकीत वाचलेली ती यादी आणि ही यादी, कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. भाचीने आपली यादी विचारेल त्यालाच दिली, पत्रिकेत घातली नाही, आणि सासरकडून माहेरी तर ती अजिबात गेलेली नाही. पत्रिकेवर कुणी यादीचा क्यूआर कोड छापणार असेल तर तुमचा शब्द मला मान्य आहे, तो मागतेपणाच. लेखात तशी दुरुस्ती आज केली.

आता मेस.

माझ्या लग्नात सत्तावीस नगांचा एक डिनर सेट आला होता. सहा मोठ्या प्लेटा, सहा छोट्या, बारा वाट्या, वाढायचे दोन बाउल आणि भाताची एक लांबट ताटली. काठाला निळी फुलं. पहिल्याच वर्षी एक मोठी प्लेट फुटली आणि तो पाच जणांचा सेट झाला. आमच्याकडे पाच जण कधी जेवायला येतच नाहीत. एक तर दोन येतात, नाहीतर चौदा. ती निळी फुलं शोधत मी अख्खी सीताबर्डी पालथी घातली. ‘वो डिझाइन बंद हो गया, मॅडम.’ उरलेले सव्वीस नग वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आहेत.

म्हणून यादीतल्या प्रत्येक वस्तूला मी एकच प्रश्न विचारला. पाच वर्षांनी यातला एक नग फुटला, किंवा कुणाच्या घरी डब्यासोबत गेला आणि परत आलाच नाही, तर तसाच एक सुटा मिळेल का? काठ वळवलेलं बिननक्षीचं स्टीलचं ताट इतवारीत आज मिळतं, तेव्हाही मिळेल. बिनफुलांच्या पांढऱ्या ओपलचंही तसंच. तुम्हाला ही भांडी मेसची दिसतात, कारण मेसवाल्यालाही हाच प्रश्न रोज पडतो.

शिवाय आपलं जेवण बघा ना. अकरा इंची सपाट प्लेटमध्ये वडाभात वाढून पाहा. भातावर वडे कुस्करले, वरून मिरचीच्या फोडणीचं तेल घातलं, बाजूला कढी. तेल गोल फिरून पोळीखाली शिरतं आणि कढीचा ओघळ थेट टेबलावर. पाटवडीच्या रस्स्याचं तर बोलायलाच नको. सेटमधल्या वाट्या बहुतेकदा इवल्याशा असतात, म्हणून मी दुकानात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन गेले. बाटली चार वाट्यांत संपली तर ती वरणाची वाटी. रस्स्याची वाटी हवी असेल तर दोनांतच संपली पाहिजे. इतवारीतला दुकानदार आधी माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने स्वतःच बाटली हातात घेतली आणि समोरच्या चारही प्रकारांत ओतून दाखवलं.

ओपलच्या प्लेटा नऊ इंचीच का, हेही तुम्ही विचारलंत. वीस लिटरच्या मायक्रोव्हेवची फिरती तबकडी साधारण साडेनऊ-दहा इंचांची असते. अकरा इंची प्लेट बऱ्याचदा आतल्या भिंतीला अडते आणि घरघर करत जागच्या जागी बसून राहते. रात्री दहाला घरी येणारी ही दोघं जेवण गरम करूनच खाणार. स्टील आत चालत नाही, मेलामाइनही गरम करायला ठेवू नये, म्हणून तेवढ्यापुरती काच. ती टेंपर केलेली असते, सहजी फुटत नाही, पण फुटली की बारीक तुकडे फ्रिजखालपर्यंत जातात, तेव्हा पुढे घरात रांगतं मूल आलं की प्लेटा वरच्या फळीवर. पाण्याला काचेचे ग्लास नकोत, कारण त्यांच्या बिल्डिंगला बोअरचं पाणी आहे. आठवड्यात पांढरे डाग धरतात. लिंबाने निघतात, पण रोज लिंबू कोण चोळणार!

एका मावशीची बोन चायनाचा सेट द्यायची तयारी होती. सुरेख वस्तू, उजेडात धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. पण जुन्या इंग्लिश कृतीने केलेल्या बोन चायनात जवळजवळ निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते, आणि नवरदेवाच्या आजी माळकरी. मावशीला हे सांगताना माझी जीभ अडखळली. त्या मात्र ‘बरं झालं आधी बोललीस’ म्हणून पातेल्यांवर आल्या.

चुंबकाचं मात्र मी विसरले नव्हते, मुद्दाम लिहिलं नाही. चिकटलं नाही की स्टील चांगलं, असं सगळे धरून चालतात. चांगलं म्हणतात ते ३०४ ग्रेडचं स्टील, म्हणजे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल, म्हणून त्यावर १८/८ लिहितात. २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. चुंबक या दोन्हींना जवळपास चिकटत नाही. चिकटतं ते ४३० ला, ज्यात निकेल नसल्यासारखंच असतं. म्हणजे ‘चिकटलं नाही’ यावरून ३०४ की २०२ हे कळत नाही, आणि अनेक जण २०२ घेऊन समाधानाने घरी येतात. उलट अस्सल ३०४ सुद्धा दाबून वळवलेल्या काठाला चुंबकाला किंचित ओढतं, मग भल्या दुकानदारावर उगाच संशय. त्यापेक्षा तळाचा ठसा बघा आणि बिलावर ग्रेड लिहून मागा. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये स्टीलच्या भांड्यांना आयएसआय मार्क सक्तीचा करणारा आदेश काढलाय. त्याचं मानक आहे आयएस १४७५६. आणि ताट दोन्ही हातांनी धरून मधोमध अंगठ्यांनी दाबा. ‘टक्’ वाजून पोट आत-बाहेर झालं तर ठेवून द्या, मग त्याच्यावर काही का छापलेलं असेना.

पितळ-काशाबद्दल माझी चूक. भंडारा इथून साठेक किलोमीटरवर, पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं गाव, आणि नागपूरची बाई पितळेला शोभेचं म्हणते! शब्द मागे घेते. पण यादीत पितळ घालणार नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आत कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, नसेल तर आंबट कळकतं, धातूशी लागून बिघडतं. आमच्या गल्लीत कल्हईवाल्याची हाक ऐकून कित्येक वर्षं झाली. भाची पितळी वाटीत कढी काढून मीटिंगला बसेल, आणि ‘कळकलं’ म्हणजे काय हेही तिला मला फोन करून विचारावं लागेल. काशाचं वेगळं, ते मी पितळेसोबत एका वाक्यात कोंबलं होतं. कासं तांबं आणि कथलाचं, साधारण ७८ ला २२, त्याला कल्हई लागत नाही. आंबट त्यातही फार वेळ ठेवू नये, आणि हातातून पडलं तर तडकतं, हे तुम्हाला मी काय सांगावं. तुमचे सासरे रोज ज्या काशाच्या थाळीत जेवायचे, तिच्याबद्दलचं तुमचं लिहिणं वाचून भाचीने यादीत दोन काशाची ताटं घातली. ती ताई देणार आहे. विषय का बदलला होता ते मला आत्ता कळलं.

राहता राहिलं नाव कोरणं. भाची नको म्हणते, ताई हवंच म्हणते. आजीचं एक पितळी ताट माझ्याकडे आहे, काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. चिंच आणि राखेने घासून घासून देणाऱ्या मामांचं नाव पुसलंय, साल तेवढं वाचता येतं, १९५८. तेव्हा आमचं असं ठरलंय की ताटांच्या पाठीवर, लहान अक्षरांत, फक्त लग्नाची तारीख. कोरणारा दुकानाच्या पायरीवरच बसतो, एका ताटाला दोन मिनिटं पुरतात. त्याचं मशीन सुरू झालं की आत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून भावाची घासाघीस आधी करून घ्यायची.