राज्यमासा संपवण्याचे घरगुती उपाय

गेल्या रविवारी मासळी बाजारात माझा चारचौघांत पाणउतारा झाला. निमित्त, पापलेटचा वाटा. वाट्यात आठ नग, एकेक जेमतेम माझ्या तळहाताएवढा. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी मी खिशात घालून गेलो होतो. (हो, गेलो होतो. हसा.) डोक्यापासून शेपटीपर्यंत मोजलं, साडेअकरा सेंटीमीटर. "मावशी, कायद्यानं साडेतेरा पाहिजे," एवढंच म्हणालो. मावशी म्हणाली, "दादा, घ्यायचं तर घ्या, शाळा घरी भरवा." मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी वर ज्ञान दिलं, "साहेब, समुद्र एकच आहे. इथले संपले तर गुजरातचे येतील." सगळे हसले. गृहस्थांनी दोन वाटे घेतले.

तेव्हापासून मी सुधारलो आहे. तुम्हीही सुधारा.

पापलेट नेहमी ताटात अख्खं मावेल एवढंच घ्यावं. फोटोत शेपटी कापली गेली तर जेवल्याचं समाधान मिळत नाही.

पट्टी बाळगू नये. 2023 मध्ये सरकारनं पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी 54 जातींच्या किमान मापांची यादीही काढली. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180. ती वाचली की भूक मरते.

1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा 'एकदम ताजं' मागावं. मिळतं.

मासा कुठला, कुठल्या जातीचा, असल्या चौकशा करू नयेत. आपलं पापलेट कित्येक वर्षं पुस्तकांत पॅम्पस अर्जेंटियस म्हणून मिरवत होतं. डीएनए तपासल्यावर हिंदी महासागराच्या उत्तर भागातलं हे पापलेट वेगळीच जात निघालं, पॅम्पस कँडिडस. क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1829 मध्ये दिलेलं 'कँडिडस' हे नाव धूळ खात पडलं होतं. म्हणजे ज्याचा आपण गौरव केला त्याचं नीट नावही आपल्याला ठाऊक नव्हतं. पण तव्यावर नाव कोण विचारतं?

आणि मुख्य मंत्र, 'समुद्र एकच आहे.' रोज सकाळी म्हणावा. एका जातीचे सगळे मासे म्हणजे एकच खानदान, एका किनाऱ्यावर जागा झाली की दुसरीकडचे बिऱ्हाड घेऊन हजर, असं मनाशी पक्कं धरावं. तारलीचं उदाहरण मात्र कोणी काढू देऊ नये. ओमानची तारली आणि आपली तारली, दोघींच्या मधे एकच अरबी समुद्र. पण जनुकं तपासली तर ओमानची वेगळी निघाली. अंडी घालायचं पाणी वेगळं, हंगाम वेगळा, पिढ्यानपिढ्या बीज आपापसांतच फिरलेलं. त्या त्या पाण्याची ऊब, खारटपणा, अन्न, सगळं अंगात मुरलेलं असतं हो त्यांच्या! ते काय लोकल ट्रेनचे प्रवासी आहेत, एक डबा रिकामा झाला की बाजूच्यातून उड्या मारून यायला? कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला हेच झालं. कॉड मासा खरवडून काढला, 1992 मध्ये मासेमारी बंद करावी लागली, तीसेक हजार माणसं घरी बसली. बंदी म्हणे दोन वर्षांची. उठली 2024 मध्ये! बत्तीस वर्षं! आणि त्याच अटलांटिकच्या पलीकडे, नॉर्वेच्या उत्तरेला, कॉड बक्कळ होता. एकच समुद्र, एकच जात. आला का तिकडून कोणी जागा भरायला?

गुजरातचे येतील म्हणे. गुजरातवाले काय उपाशी बसलेत?

मोठे निर्यातीला, पिल्लं तव्यावर. मधले शोधत बसू नये.

बास. आता मला विनोद सुचत नाही. दोन वाटेवाले साहेब, तुमच्या गळ्यात दोन तोळ्यांची चेन होती. तुम्हाला मोठं पापलेट परवडत नव्हतं असं नाही, आणि नसेल परवडत तर बांगडा खाल्ला असतात. मावशीला मी बोल लावत नाही. तिच्या टोपलीत तेच येतं जे तुम्ही उचलता. गेल्या वर्षीपर्यंत मीही उचलत होतो, 'लहान गोड लागतं' म्हणत, त्याची लाज वाटते. तुम्हाला ती वाटत नाही, याचा राग आहे. ती सोळा पिल्लं एकदाही अंडी न घालता तुमच्या पोटात गेली. पुढच्या रविवारी मी पट्टी घेऊन तिथेच उभा असेन. या, आणि माझ्यासमोर उचलून दाखवा.