इक्विनॉक्सचे पाच दिवस कधी संपतात?

एप्रिल उजाडला की कुटुंबाच्या, सोसायटीच्या, दहावीच्या बॅचच्या गटावर एक संदेश हमखास येऊन पडतो. ‘पुढील पाच दिवस इक्विनॉक्सचा परिणाम जाणवेल. सूर्य थेट विषुववृत्तावर येत असल्याने तापमान ४० अंशांपर्यंत जाईल. दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नका. खोलीत अर्धी बादली पाणी ठेवा. घराबाहेर न पेटवलेली मेणबत्ती ठेवा. ती वितळली तर धोक्याची पातळी समजा.’ शेवटी ‘जनहितार्थ’ आणि जोडलेले हात. तारीख मात्र कुठेच नसते, त्यामुळे हे ‘पुढील पाच दिवस’ वर्षानुवर्षं पुढेच राहतात.

आधी सूर्याचं. इक्विनॉक्स म्हणजे विषुवदिन, सूर्य थेट विषुववृत्तावर येतो तो दिवस. तो येतो २०-२१ मार्चला आणि २२-२३ सप्टेंबरला. संदेश फिरायला लागेपर्यंत सूर्य आपल्या दिशेनं बराच वर सरकलेला असतो. दक्षिण सिंधुदुर्गात मेच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि नागपुरात २६ मेच्या आसपास तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शाळेत ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. पण परतीच्या वाटेवर, जुलैच्या शेवटी, मुंबईच्या माथ्यावर तो पुन्हा तसाच येतो. तेव्हा कोणाच्या अंगाची काहिली होत नाही. पारा तिशीच्या आसपास असतो, कारण मधे ढग असतात आणि जमीन ओली असते. म्हणजे सूर्य कुठे आहे एवढ्यावर उष्मा ठरत नाही. जमीन किती सुकली आहे, वारा कुठून येतोय, हवेत बाष्प किती आहे, हेही तितकंच बघावं लागतं. आणि या तीन गोष्टी काही पाच दिवसांचं वेळापत्रक पाळत नाहीत. (संदेशाच्या इंग्रजी आवृत्तीत मलेशिया-सिंगापूरची नावं असतात. आपल्याकडे येताना ती वाटेत गळली.)

मेणबत्तीवर फार वेळ घालवत नाही. साधं मेण साधारण ५० ते ६५ अंशांदरम्यान वितळतं. राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली. मेणबत्तीला विचारलं असतं तर धोका जेमतेम सुरू झाला होता. उलट तीच मेणबत्ती पत्र्यावर उन्हात ठेवली तर बऱ्यापैकी साध्या दिवशीही मान टाकेल. हवामान खातं तापमान सावलीत, हवेशीर पेटीत, जमिनीपासून वर मोजतं ते याचसाठी.

सगळ्यात घातक आहे तो ४० चा आकडा. हवामान खात्याच्या निकषांत मैदानी भागासाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ४० अंश आहे, पण किनाऱ्यासाठी ३७ आणि डोंगराळ भागासाठी ३०. शिवाय तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं (मैदानात पारा ४५ वर गेला तर ही अट उरत नाही). एकच आकडा सगळीकडे लावला की काय होतं? १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये सोहळ्यासाठी उघड्यावर बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघातानं दगावले, त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता. किनारपट्टीची हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीराला थंड व्हायला दुसरा मोठा मार्ग उरत नाही.

त्यातून बादलीचा सल्लाही निकालात निघतो. अकोल्या-चंद्रपूरच्या कोरड्या हवेत ओला पडदा, वाळ्याचा कूलर कामाला येतो. अर्ध्या बादलीनं तिथेही फारसं काही होणार नाही. ठाण्या-रत्नागिरीत खोलीत आणखी दमटपणा कशाला हवा?

दुपारी बाहेर पडू नका, हे मात्र खरं. फक्त तीनला घड्याळ बघून निघू नका. कमाल तापमान बहुतेक वेळा अडीच ते चारच्या दरम्यान नोंदवलं जातं.

आता या संदेशाखाली हमखास येणारं उत्तर: ‘आमच्याकडे काल वळीव झाला, सुटलो!’ वळीव हा त्याच उष्म्याच्या पोटचा. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते, बंगालचा उपसागर किंवा अरबी समुद्राकडून आलेलं बाष्प तिला मिळतं आणि दुपार कलता कलता दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. विदर्भ-मराठवाड्यापासून दक्षिणेकडे हवेच्या कमी दाबाचा पट्टा असला की हे आणखी सोपं होतं. सुसाट वारा, गारा, पारा झपकन खाली. दुसऱ्या दिवशी ऊन पुन्हा तेच, वर ओल्या जमिनीची वाफ. उकाडा वाढल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. वायव्येचे कोरडे वारे परतले की दोन-चार दिवसांत पारा मूळ जागी. २०२५ चा मे अपवाद ठरला: पाऊस थांबलाच नाही आणि एरवी ११ जूनच्या सुमारास येणारा मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला. त्या एका वर्षावरून दरवर्षीचा हिशेब मांडू नये, पेरणीचा तर नाहीच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, असं कृषी विभाग सांगतो ते वळवाला भुलणाऱ्यांसाठीच.

आणि वळवाच्या ढगात वीज असते, जिचा इक्विनॉक्सच्या संदेशात उल्लेखच नसतो. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात, पाऊस सुरू झालेला नसला तरी. झाडाखाली थांबू नका. पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं दामिनी ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. ते फोनमध्ये ठेवा आणि मेणबत्ती दिवे गेल्यावर वापरा.