चमचा सपाट की शिगोशीग?

दाताच्या डॉक्टरांकडे आपला नंबर यायला अजून 40 मिनिटं आहेत असं कळल्यावर माणसाने गुपचूप भिंतीवरचा जबड्याचा तक्ता बघत बसावं. मी भाचीला म्हणालो, "विचार काहीतरी."

"मामा, अख्खी पृथ्वी म्हणजे किती चमचे?"

सोपं होतं. पृथ्वीचं घनफळ 1 वर 12 शून्यं इतके घन किलोमीटर, वर थोडं चिल्लर. किलोमीटरात हजार मीटर, घनमीटरात हजार लिटर, लिटरात 5 मिलिलिटरचे 200 चमचे. धडाधड गुणाकार केले. मोबाइलने उत्तरात मधेच एक 'ई' घुसवला. भाचीने विचारलं, आकड्यात अक्षर कसं आलं? म्हटलं, आकडा मावेनासा झाला की तो असं करतो. मग तिला 20 शून्यांचं उत्तर सांगितलं, जरा मोठ्यानेच.

"चुकलं."

समोरच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. डावा गाल टम्म सुजलेला, त्यामुळे शब्द उजव्या कोपऱ्यातून बाहेर पडत होते. दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर. एवढं दुखत असताना माणूस दुसऱ्याचे गुणाकार का ऐकतो, हे मला अजून कळलेलं नाही.

"किलोमीटरात हजार मीटर. घन किलोमीटरात हजार गुणिले हजार गुणिले हजार. तुम्ही एकदाच गुणलंत. लांबी घेतलीत, रुंदी आणि खोली घरी विसरलात."

म्हणजे मी दहा लाख पटींनी चुकलो होतो. बरं, चूक तरी भव्य दिसावी! घनफळ दहा लाख पटींनी घटलं तरी व्यास फक्त शंभर पटींनी कमी होतो. 12,742 किलोमीटरच्या जागी माझी पृथ्वी 127 किलोमीटरची झाली. "मामाची पृथ्वी छोटी आहे," भाचीने जाहीर केलं. तीन पेशंट हसले. त्यातल्या एकाच्या तोंडात कापूस होता, तरी हसला.

"आणि चमचा कसा धरलात?" काका विचारते झाले. "सपाट की शिगोशीग?"

"काका, पाण्याचा चमचा शिगोशीग कसा भरणार?"

"भरतो. कडेच्या वर फुगवटा धरतो पाणी. घरी बघा. पण पाणी कुठून आलं? पृथ्वी भरीव आहे. चमच्याने मोजायची तर उकरावी लागेल."

"अहो, नुसता हिशोब आहे."

"उकरलेलं ठेवणार कुठे?"

"चंद्रावर," मी चिडून म्हणालो.

"चंद्राएवढे 49 डबे लागतील. आणि उकरलेली माती भुसभुशीत होते, जास्त जागा खाते. खड्डा बुजवताना पाहिलं नाही का कधी?"

मी पाहिलं होतं. तोच तर राग.

खरं तर आपल्याकडे या कामासाठी नावं आहेत. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात परार्धापर्यंत, म्हणजे 1 वर 17 शून्यांपर्यंत, मोजणी मांडून ठेवली. त्यात 12 शून्यांचा महापद्म आहे. एका घन किलोमीटरात बरोबर एक महापद्म लिटर मावतात, आणि पृथ्वी साधारण एक महापद्म घन किलोमीटर. इतकं चपखल! पण आम्ही 'ई' वाचतो. बातम्यांत तर कुठलंही पाणी ऑलिंपिकच्या तलावांतच मोजतात. असा तलाव 25 लाख लिटरचा. वाचणाऱ्यांपैकी कितीजण त्याच्या काठावर तरी उभे राहिलेत? त्या मापाने पृथ्वी सव्वाचार परार्धांहून थोडे जास्त तलाव भरते. घ्या, झालं समाधान? गॅलनची तर गोष्टच सोडा. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश 4.546 चा, आणि कुठला ते लिहायची लाज दोघांनाही वाटते.

असो. पत सावरायला मी शेवटचा पत्ता टाकला. भाचीला म्हटलं, "गुरूचा व्यास पृथ्वीच्या 11 पट, पण त्यात 1300 पृथ्व्या मावतात बघ." या वेळी घन नीट धरला होता.

"अख्ख्या की कुटून?" छत्री हलली.

"म्हणजे?"

"गोळे रचले की मधे फटी राहतात. कसेही रचा, शंभरातली 26 भाग जागा फुकट. अख्ख्या घातल्या तर हजारसुद्धा मावायच्या नाहीत. कुटून घाला, मग 1300."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. दारापाशी वळून भाचीला म्हणाले, "बाळ, घरी चमचा मोजून बघ." आत दार लागलं, आणि मी मनापासून इच्छा केली की निदान अक्कलदाढ निघावी.

घरी येऊन शोधलं. गोळ्यांच्या फटींचं ते केप्लरने 1611 साली वर्तवलं होतं, आणि सिद्ध व्हायला 1998 उजाडलं. म्हणजे म्हाताऱ्याचं तेही बरोबर.

भाचीने औषधाचं टोपण आणलं, आमचा रोजचा चमचा काढला आणि ओट्यावर डोळे टेकवून थेंब थेंब मोजत बसली. 5 मिलिलिटर नाहीच. सपाट भरला तर साडेतीन. शिगोशीग भरला तर चार.