माउस डुलकी घेतो तेव्हा

आमच्या अमळनेरला संगणकाच्या बाबतीत कुणी मागास म्हणू नये. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. तेव्हाचे शेअर ज्यांनी ट्रंकेत जपले, त्यांच्या घरी आज कोटींच्या गोष्टी चालतात. आमच्या आजोबांनी शेअर घेतला नाही, तुपाचा डबा घेतला. तूप कधीच संपलं. डब्यात अजून तुरीची डाळ असते.

तर माउस. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, भाचीच्या लग्नातल्या पाहुण्यांची यादी अर्धी झालेली असताना माझ्या संगणकाने नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवून घेतली. तसं त्याने रीतसर विचारलं होतं. पण पर्याय दोनच, ‘आत्ता’ आणि ‘आज रात्री’. ‘लग्न उरकल्यावर’ असा पर्याय नव्हता.

सकाळी पडदा मोठा देखणा दिसत होता. बाण मात्र बसल्या जागी झोपलेला. माउस हलवला तर ढिम्म. पुन्हा हलवला की थोडा विचार करून उठायचा. उठेपर्यंतची पहिली क्लिक गिळून टाकायचा. म्हणून आपण दुसऱ्यांदा दाबतो, आणि डोकं तापलेलं असल्याने तिसऱ्यांदाही दाबतो. नेमक्या त्या दोन्ही पोचतात. या हिशेबाने साक्रीच्या मामांची ओळ दोनदा चिकटली आणि शिरपूरच्या व्याह्यांची उडाली. मामांना दोन पत्रिका गेल्या तर मामा हसतील. व्याह्यांना एकही गेली नाही तर पुढच्या तीन लग्नांत ते विषय काढतील.

वर नव्या सिस्टीमने बाणाचा वेगही स्वतःच्या मर्जीने लावून ठेवलेला. त्यात एक गंमत असते: हात तेवढाच सरकवा, पण झटक्याने सरकवला तर बाण जास्त लांब जातो. म्हणजे शांत माणसाचा बाण जागेवर थांबतो आणि चिडलेल्याचा थेट ‘बंद करा’च्या फुलीवर. हे ज्याने शोधलं त्याला पाहुण्यांच्या याद्या कराव्या लागत नसाव्यात.

आखाजीला बहीण माहेरी आली होती. तिने यादीची दशा पाहिली आणि माउसखाली जुन्या दिनदर्शिकेचं पान सरकवलं. उपाय अगदीच वेडा नाही. माउसच्या पोटातला कॅमेरा सेकंदाला हजारो बारीक फोटो काढतो आणि एकापुढे एक ताडून हात कुठे गेला ते ठरवतो. काच असली की त्याला काही दिसत नाही, छापील कागदावर छान दिसतं. दिवसभरात माझ्या माउसने गेल्या वर्षीच्या संकष्टीचे लाखो फोटो काढले असतील. डुलकी काही गेली नाही.

पुण्याचा भाचा व्हिडिओ कॉलवर आला. “मामा, नुसतं शट डाऊन करू नका, रीस्टार्ट करा. शट डाऊनमध्ये तो अर्धा जागाच असतो.” केलं. मग म्हणाला, माउस बिनवायरचा आहे ना, त्याचा रिसीव्हर मागच्या निळ्या यूएसबी पोर्टमधून काढा. तिथे डेटा पळताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे माउस ज्या लहरींवर बोलतो तिथेच, गोंगाट होतो, इंटेलनेच २०१२ साली तसं लिहिलंय. काढला, पुढे लावला. गोंगाट गेला असेल, झोप नाही.

शेजारचे आबा दारातूनच म्हणाले, “त्याले वायर शे का?”

“नाही आबा.”

“मंग! बिगर वायरनं काम टिकस नही, मास्तर. आनि तो कूलर बंद कर आधी.”

पारा ४४-४५ वर असताना कूलर बंद करून माउस तपासणं म्हणजे रोगी तपासायला डॉक्टरच भाजून काढणं. तरी केला. घाम गाळून झाल्यावर दुकानातल्या पोराला फोन लावला. तो पुढचं न ऐकताच म्हणाला, “काका, फॉरमॅट मारावं लागेल.” प्रिंटरला शाई नसली तरी तो हेच सांगतो.

माउसचा जनक डग्लस एंगेलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत भरल्या सभागृहासमोर माउस दीड तास चालवून दाखवला होता. त्याचा पहिला नमुना तर लाकडी डबी होता, खाली दोन चाकं. फक्त आदल्या दिवशी त्याच्या संगणकाने त्याला ‘आत्ता की आज रात्री’ असं विचारलं नव्हतं.

शेवटी मीच कीबोर्ड घेऊन बसलो. डावं ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबलं की आकड्यांची बटणं माउसचं काम करतात: ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे, ५ म्हणजे क्लिक. बहिणीला वाटलं मी कुणाचा तरी नंबर लावतोय आणि तो उचलत नाहीये. असा खुरडत डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकाच्या उपकरणांच्या यादीत पोचलो, यूएसबी पोर्ट सांभाळणारा रूट हब उघडला, आणि पॉवरच्या पानावर चोर सापडला. वीज वाचवण्यासाठी संगणकाने हे उपकरण बंद करायला हरकत नाही, असं लिहिलेलं, आणि पुढे टिक! माझा हात जरा थांबला की नव्या सिस्टीम बाईसाहेब माउसचा पुरवठा तोडत होत्या. बाहेर महिनाभर लोडशेडिंग सोसायचं आणि आता टेबलावरही तेच. टिक काढली. बाण ताडकन उठला.

“मी सांगेल व्हतं ना, कूलर!” आबा म्हणाले. बहिणीने दिनदर्शिकेचं पान कौतुकाने घडी करून ठेवलं. भाच्याने अंगठा पाठवला.

सौ. मात्र टिकेपाशीच अडली. “अहो, ती काढली म्हणजे बिल वाढेल का?”

“५ व्होल्ट, फार तर १०० मिलिअँपिअर. अर्धा वॅट.”

“एवढ्यासाठी त्यांनी शिरपूरचे व्याही उडवले?” ती म्हणाली, आणि जाता जाता सवयीने खोलीतला दिवा बंद करून गेली. मी आतच बसलेलो होतो.