कर्तव्यात कसूर

‘इंडी गाणी’ हे शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारले गेले तेव्हा अण्णा भाकरीवर शेंगाचटणी पसरत होते. हात थांबवून ते म्हणाले, "इंडीला कुठली गाणी बे? इंडीला लिंबं."

अण्णांचं काही चुकलं नव्हतं. सोलापूरहून होटगीमार्गे विजापूरच्या गाडीत बसलं की वाटेत इंडी रोड स्टेशन लागतं आणि तो सगळा तालुका लिंबांचा. फोनच्या स्पीकरवरून लेक म्हणाली, "आजोबा, ते इंडी नाही. इंडी म्हणजे इंडिपेंडंट."

"म्हणजे अपक्ष," अण्णा म्हणाले आणि पुन्हा भाकरीकडे वळले. "अपक्षाचं डिपॉझिट जातं."

झालं होतं असं. लेक बंगळुरूला नोकरी करते. गाणी ऐकायच्या अ‍ॅपचे पैसे तीच भरते, त्यामुळे आम्ही काय ऐकतो यावर तिचा लेखापरीक्षणाचा अधिकार आहे. डिसेंबरात हे अ‍ॅप प्रत्येकाला त्याच्या वर्षभराच्या ऐकण्याचा रंगीत गोषवारा पाठवतं. २०२३ सालचा माझा गोषवारा बघून ती म्हणाली, "बाबा, तुझ्या यादीतला सगळ्यात अलीकडचा गायक १९८७ साली गेलाय." तो किशोरकुमार. बाकीचे, म्हणजे रफी आणि मुकेश, त्याच्या आधीच गेलेले. मला यात काही वावगं दिसलं नाही. गेलेल्या माणसांचं एक बरं असतं, ती नवीन काही काढून आपल्याला अडचणीत आणत नाहीत.

पण फर्मान सुटलं. नव्या वर्षात दर आठवड्याला एक नवं इंडी गाणं ऐकायचं. सिनेमातलं नको, मोठ्या कंपनीने काढलेलं नको. वर्षाअखेर आवडलेल्या दहांची यादी तिला पाठवायची. मी म्हटलं, मी काही या प्रांतात अगदीच कोरा नाही, ‘इंडियन ओशन’ या बँडचा ‘कंदिसा’ मी २००० साली कॅसेट विकत घेऊन ऐकलाय. ती म्हणाली, ती कॅसेट मोठ्या कंपनीने काढली होती, धरता येणार नाही. ‘कंदिसा’ ही अरामी भाषेतली केरळी ख्रिस्ती प्रार्थना सोलापूरच्या माणसाने स्वखर्चाने तोंडपाठ केली, यापेक्षा अपक्ष आणखी काय असायला पाहिजे? पण अपील फेटाळलं गेलं. वर तिने विचारलं की २०१० साली पुण्यातच, कोरेगाव पार्कात, एनएच सेव्हन वीकेंडर हा गाण्यांचा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा मी कुठे होतो. मी घरीच होतो. प्लंबर ‘आज नक्की येतो’ म्हणाला होता.

मी बँकेत असल्यामुळे शंभर पानी वही आणली, रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, गाणे, गाव, शेरा.

पहिला अडथळा नावांचा. डोळ्यांना चष्मा आणि बोटं जाड म्हणून मी फोनला तोंडी सांगतो. ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ म्हणून दिल्लीचा बँड आहे. ‘पीटर कॅट’ एवढं म्हणून मी श्वास घ्यायला थांबलो, तर फोनने मला कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या उपाहारगृहाचा पत्ता दिला. चेलो कबाब तिथे फार प्रसिद्ध आहेत म्हणे. कोचीच्या बँडचं नाव ‘व्हेन चाय मेट टोस्ट’. हे फोनसमोर तीनदा म्हटल्यावर आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, आत्ताच तर दिला चहा! आणि टोस्ट डब्यात आहेत, घ्या की हाताने!"

नाव सापडलं तरी गाण्याचं शीर्षक सरळ असेल तर शपथ. प्रतीक कुहाडचं एक गाणं आहे, ‘कोल्ड’, मग तिरकी रेघ, मग ‘मेस’. मी तीस वर्षं फॉर्म तपासतोय. तिरकी रेघ दिसली की माझा हात आपोआप ‘लागू नसेल ते खोडावे’ म्हणून पेनाकडे जातो. बरं, गाणं साधंसुधं नाही. २०१९ साली बराक ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत ते घातलं होतं. लेकीने हे मला ठणकावून सांगितलं तेव्हा अण्णा शेजारीच होते. "रिटायर झालेत ना ते आता," अण्णा म्हणाले. "मग करणारच याद्या. मीसुद्धा वाण्याची करतो."

दुसरा अडथळा उच्चारांचा. ही मुलं तोंड उघडून गात नाहीत. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगतो तसं गातात. आम्ही रफीवर वाढलेली माणसं. रफीचा प्रत्येक शब्द घरपोच यायचा. इथे शब्द आपण जाऊन आणायचे. पहिले दोन महिने माझ्या वहीतले शेरे असे आहेत: ‘बरे.’ ‘फार हळू.’ ‘गिटार चांगली, तक्रार समजली नाही.’ ‘अजून सुरू झाले नाही असे वाटेपर्यंत संपले.’ त्यातच मला कुठूनसं कळलं की तीस सेकंद वाजलं की अ‍ॅप ते गाणं ‘ऐकलं’ म्हणून मोजतं. मग काय, हजेरी लावून मागच्या दाराने पळणाऱ्या कॉलेजकुमारासारखा मी एकतिसाव्या सेकंदाला बाहेर.

असंच चाललं असतं, पण मध्ये अण्णांचा मोतीबिंदू आला.

अण्णा त्यासाठीच आमच्याकडे पुण्याला आले होते. एक डोळा जानेवारीत झाला, दुसरा मार्चात करायचा होता आणि मधल्या काळात त्यांना सोलापूरला जायचं होतं, कारण पुण्यात त्यांच्याशी भांडायला कुणी मोकळं नव्हतं. फेब्रुवारीत काळा चष्मा लावून ते गाडीत मागे बसले. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर. दिसत नसल्यामुळे दर पाच मिनिटांनी प्रश्न. उरुळी गेलं का? यवत गेलं का? चौफुला गेला का? डावीकडे एक पिंपळ होता, आहे का? पिंपळ रुंदीकरणात गेला हे मी सांगितलं, आणि मग पाटसपर्यंत रुंदीकरणावर ऐकून घेतलं.

म्हणून मी त्या आठवड्याचं गाणं लावलं. पुन्हा प्रतीक कुहाडच, २०२० सालचं ‘कसूर’. एक गिटार आणि एक मुलगा. मागच्या सीटवर शांतता पसरली.

"काय म्हणतोय हा? कसूर?"

"हो अण्णा. नावच आहे गाण्याचं."

"कशात केली?"

"काय?"

"कसूर बे. कर्तव्यात?"

अण्णांची बत्तीस वर्षं सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत गेली. ‘कर्तव्यात कसूर केल्याबद्दल आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांचे आत सादर करावा’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात जितक्या वेळा लिहिलं तितक्या वेळा आईला हाक मारली नसेल. आणि खरं सांगायचं तर मराठी माणसाला हा शब्द प्रेमात भेटतच नाही. तो जावक क्रमांकासहच येतो.

"खुलाशात काय लिहिलंय त्याने?"

मी नीट कान दिला. वर्षात पहिल्यांदाच शब्द आणायला स्वतः गेलो. "तो म्हणतोय, तुझ्या केसांत, तुझ्या डोळ्यांत मी हरवलो, तर त्यात माझी काय चूक."

"फायली हरवल्या की सगळे हेच म्हणतात," अण्णा म्हणाले, आणि झोपले.

गाणं संपलं. पुढचं लागलं, त्यात ड्रम होते. अण्णा ताडकन उठले. "आलं का भिगवण? आणि त्या पोराचं काय झालं?" हिने घाईघाईने पुन्हा ‘कसूर’ लावलं. अण्णा झोपले. सव्वातीन मिनिटांनी पुन्हा ड्रम, पुन्हा भिगवण. असं तीन वेळा झाल्यावर हिला पडद्यावर गोल बाणाचं ते चिन्ह सापडलं, एकच गाणं परत परत वाजवणारं. तेव्हा आम्ही कुरकुंभला होतो.

कुरकुंभ ते सोलापूर तीन तास. सव्वातीन मिनिटांच्या हिशेबाने पंचावन्न आवर्तनं. रुद्राची अकरा आवर्तनं झाली की एकादशिणी होते, आमच्या पाच झाल्या. बंद करायची सोय नव्हती, आवाज जरा कमी केला तरी मागून "हं?" यायचं.

पहिल्या दहापर्यंत वैताग होता. भिगवणला गिटार ऐकू यायला लागली, म्हणजे ती नुसती वाजत नाहीये, गाणाऱ्यासाठी थांबतेय, हे कळलं. इंदापूरला मला तो श्वास कुठे घेतो ते कळलं, आणि टेंभुर्णीपासून मीही तिथेच घेऊ लागलो. मोडनिंबला ही म्हणाली, "इतकं हळू बोलणारा माणूस. घरी पोळी वाढ म्हणाला तर ऐकू जात असेल का हो?" मोहोळला आम्ही दोघं काहीच बोललो नाही. उजव्या हाताला ज्वारी होती, उन्हं उतरली होती, मागे अण्णा घोरत होते आणि ते घोरणं कडव्याच्या शेवटी बरोबर समेवर येत होतं. वहीत त्या दिवशीचा शेरा आहे: ‘ठीक.’ कागदावर जास्त द्यायची आम्हाला सवय नाही.

मार्चात अण्णांना आणताना आणि एप्रिलात पोचवताना तोच विधी झाला. गाडी सुरू झाली की मागून फर्मान, "त्या चौकशीवाल्याला लाव."

त्यानंतर माझं ऐकणं जरा सुधारलं, असं मला वाटतं. निदान एकतिसाव्या सेकंदाला पळणं थांबलं. ‘ईझी वाँडरलिंग्ज’ हा बँड पुण्याचाच निघाला. त्यांची गाणी संध्याकाळी गॅलरीत, खाली सोसायटीचे पंप सुरू असताना ऐकावीत, पंपाला चाल मिळते. कोलकात्याचे ‘पारेख अँड सिंग’ इतके फिकट गोड रंगांचे सूट घालतात की आम्ही व्हिडिओ बघताना हिला बर्फी आठवली आणि ती आणावी लागली. ‘चाय-टोस्ट’वाल्यांचं मात्र मला जमलं नाही. बँजो उत्तम, पण इतकी आशावादी माणसं सकाळी साडेसातला सोसत नाहीत. ऑगस्टात ‘पीटर कॅट’वाल्यांचा ‘बीटा’ नावाचा अल्बम आला. तोवर मला एका दमात नाव घेता येऊ लागलं होतं, कबाब आले नाहीत. त्यांच्या गायकाचा आवाज म्हणजे एखाद्या जुन्या क्लबात शेवटचं गिऱ्हाईक निघून गेल्यावर खुर्च्या उलट्या करताना कुणी गावं तसा. वहीत शेरा, ‘चांगले. रात्री ऐकावे. जेवणाआधी नको.’

आणि गणपतीत आमच्या सोसायटीच्या मांडवात ‘तांबडी चामडी’ वाजलं. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं, शुद्ध मराठी, आणि काढलं डच कंपनीने. मी ते ताबडतोब यादीत घेतलं. लेक म्हणाली, बाबा, स्पिनिन रेकॉर्ड्स ही नाचगाण्यांची केवढी मोठी कंपनी आहे, हे कसलं इंडी? मी म्हटलं, अपक्ष उमेदवार आहे, नेदरलँड्सने बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर निवडून आलाय. आपल्याकडे हे चालतं.

डिसेंबर उजाडला. मी वही घेऊन बसलो, तोवरच्या गाण्यांतून दहा निवडले, नऊ झाले. ‘कोल्ड’ आणि ‘मेस’ दोन धरून दहा केले. एक क्रमांकाला ‘पीटर कॅट’वाले ठेवले, कारण पहिल्या क्रमांकावर काहीतरी भारदस्त पाहिजे. ‘कसूर’ सातवं. यादी पाठवणार तेवढ्यात अ‍ॅपचा गोषवारा आला, आणि लेखापरीक्षणाच्या अधिकारात लेकीने तो माझ्या आधी पाहिला.

रात्री साडेअकराला फोन. हा तिचा फोन करायचा वेळ नव्हे, म्हणून आम्ही दोघं उठून बसलो.

"बाबा, सगळं ठीक आहे ना?"

"का गं?"

"आई कुठंय? आई आहे ना घरी?"

"ही काय शेजारी."

"बाबा, तू एकच गाणं दीडशेच्या वर वेळा ऐकलंयस. तेही ‘कसूर’. असं माझ्या रूममेटने केलं होतं, पण तिचा ब्रेकअप झाला होता." मग आवाज खाली आणून, "बाबा, तुला काही सांगायचंय का?"

मी तिला कुरकुंभपासून सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसला की नाही माहीत नाही. तिने माझी वहीतली यादी मात्र मागितलीच नाही. म्हणाली, आता कशाला, खरी आलीय.

एकतीस तारखेला अण्णांना फोन लावला. दोन्ही डोळे आता लख्ख आहेत, समोरच्या दुकानाच्या पाटीतल्या शुद्धलेखनाच्या चुका इथून दिसतात, असं त्यांनी सांगितलं. हुरडा कधी खायला येताय ते विचारलं. मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि त्या पोराचं काय झालं बे?"

"कुठल्या?"

"कसूरवाल्या. लागला का निकाल?"

"नाही अण्णा. चौकशी चालूच आहे अजून."

थोडा वेळ नुसताच पलीकडून पंख्याचा आवाज आला. बत्तीस वर्षांचा अनुभव गोळा करत असावेत.

"बडतर्फ करू नका म्हणावं," अण्णा म्हणाले. "एक वेतनवाढ रोखा आणि सोडा. आवाज बरा आहे."