एबीएसचं पेडल थरथरतंय? पाय काढू नका

‘जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरलं तर एबीएस बिघडलंय, लगेच पाय काढा आणि ब्रेक दाबत-सोडत गाडी थांबवा’ असा मेसेज फिरतोय. (एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक, म्हणजे जाम, होऊन गाडी घसरू नये यासाठीची ब्रेकची यंत्रणा.) मीही तो पुढे पाठवला होता, चूक माझीच. नंतर गाडीचं मॅन्युअल उघडलं, तर त्यात नेमकं उलट लिहिलंय.

चाक लॉक होऊ लागलं की एबीएस त्या चाकाचा ब्रेक सेकंदात अनेकदा सैल करून पुन्हा आवळतं. ती धडधड पायाला जाणवते, घरघरही ऐकू येते. म्हणजे यंत्रणा काम करतेय. अशा वेळी पेडल घट्ट दाबून ठेवायचं आणि स्टिअरिंगने अडथळा चुकवायचा. एबीएसचा खरा फायदा तोच. सुट्या खडीवर मात्र थांबायचं अंतर वाढूही शकतं.

दाबत-सोडत ब्रेक मारणं एबीएस नसलेल्या गाडीसाठी ठीक होतं. बहुधा सल्ला तिथूनच आला असावा.

हलक्या ब्रेकलाही पेडल थरथरत असेल किंवा एबीएसचा दिवा पेटलेलाच राहत असेल, तर गाडी मेकॅनिकला दाखवा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा खुलासा पाठवा.